डल्सी ट्रेगिअरचा वहीम

डल्सी ट्रेगिअरचा बाप लोकरीची प्रत ठरवणारा होता. गाठोड्याच्या वरच्या थरात लांब धाग्याची मऊ लोकर आणि तळाशी मेंढराच्या पोटाखालची मळकी गुंतवळ, ही लबाडी त्यानं जन्मभर पाहिली. लेकीला त्यानं एकच गोष्ट शिकवली : हात आधी तळाशी घाल. डल्सीनं ती जरा जास्तच मनावर घेतली. बेकरीत ती पाव उलटा करून बघायची. चर्चच्या विक्रीत केक घेताना विचारायची, "आजचा आहे की कालचा?" आणि लग्नाच्या दिवशी, पाद्रीबाबा पुस्तक उघडत असताना, तिनं क्लेम ट्रेगिअरच्या कानात विचारलं होतं, "ही अंगठी आधी कुणाची होती?" होती त्याच्या मावशीची. क्लेम हा किस्सा जन्मभर सांगत राहिला आणि दर वेळी नव्यानं हसायचा.

तो गेला तेव्हा डल्सी सेहेचाळीस वर्षांची होती. मूलबाळ नव्हतं. मेंढरं दिरानं घेतली. गुलाराच्या टेकडीवरच्या वेधशाळेत बाई हवी आहे असं नणंद एनिडनं क्लबात ऐकलं. एनिड क्लबात दारूच्या काउंटरवर उभी असायची, त्यामुळे गावातलं सगळं तिला आधी कळायचं.

वेधशाळेचे मुख्य डॉ. गिलख्रिस्ट. उंच, वाकलेले, बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे बघणारे. त्यांनी डल्सीच्या शिक्षणाबद्दल काही विचारलं नाही. टेबलावर राखाडी काचेचे सहा तुकडे ठेवले आणि म्हणाले, "फिक्यापासून गडदपर्यंत लावा."

डल्सीनं लावले. मग दोन तुकड्यांवर बोट ठेवून म्हणाली, "हे दोन एकाच काचेचे आहेत. मला फसवायला ठेवलेत का?"

"हो," डॉक्टर म्हणाले. "सोमवारपासून या."

काम असं होतं. रात्री घुमटातल्या दुर्बिणीनं काचेच्या प्लेटांवर आकाशाचे फोटो निघायचे. सकाळी त्या धुऊन, वाळून डल्सीच्या खोलीत यायच्या. प्लेटवर तारे म्हणजे काळे ठिपके आणि दीर्घिका म्हणजे काळपट, धुरकट डाग. डाग किती काळा, किती पसरलेला, ते मोजणीयंत्राच्या भिंगाखाली शेजारच्या ठरलेल्या ताऱ्यांशी ताडून पाहायचं, त्यावरून दीर्घिकेच्या तेजाची प्रत काढायची आणि कार्डावर लिहायची. प्रतीचा आकडा जितका मोठा, तितकी ती वस्तू मंद. दक्षिणेच्या आकाशातल्या सगळ्या ठळक दीर्घिकांची सूची करायची, असा डॉक्टरांचा संकल्प होता. आठ वर्षांत डल्सीच्या खणांमध्ये बाराशेच्या वर कार्डं झाली. लोकरीची प्रत आणि ताऱ्याची प्रत, तिच्या लेखी फारसा फरक नव्हता. दोन्हीकडे वरवर बघून चालत नसे.

एका फेब्रुवारीत, बाहेर टेकडीवरचं गवत उन्हानं पार पिवळं पडलेलं असताना, एका दीर्घिकेच्या डागाच्या कडेला तिला एक ठिपका जास्त दिसला. तिनं आधी काच पुसली. मग जुनी प्लेट काढली. तिच्यावर तो ठिपका नव्हता. तरी तिचा विश्वास बसेना. प्लेटवर कचरा पडतो, औषधाचा थेंब सुकतो. तिनं डॉक्टरांना काहीच सांगितलं नाही. घुमटात रात्रपाळी करणाऱ्या आर्विद क्रुमिन्शला चिठ्ठी लिहिली : 'याच जागेची आणखी एक प्लेट. काच वेगळ्या खोक्यातली घ्या.'

दुसऱ्या प्लेटवरही तो होता, आणि आदल्या दिवसापेक्षा जास्त काळा.

तेव्हा कुठं ती डॉक्टरांच्या दारात जाऊन उभी राहिली. "चारशे अकरा नंबरच्या कार्डात एक तारा फुटलाय."

अतिनवतारा. अख्खा तारा स्फोट होऊन उजळतो, काही दिवस आपल्या दीर्घिकेशी तेजात बरोबरी करतो आणि मग हळूहळू विझत जातो. तो कसा विझतो हे नेमकं मोजलं, तर त्या दीर्घिकेच्या अंतराचा अंदाज बांधता येतो. डॉक्टर त्या दिवशी पहिल्यांदा डल्सीच्या डोक्यावरून न बघता तिच्याकडे बघून बोलले. "दर निरभ्र रात्री एक प्लेट. दर प्लेटची मोजणी तुम्ही. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

तुलनेसाठी त्या भागात तीन तारे ठरलेले होते. प्लेटच्या पाकिटावर शाईनं त्यांची नावं घातलेली : अ, ब आणि क. अ सर्वांत ठळक, क सर्वांत मंद. अतिनवतारा ज्याच्या तेजाच्या जवळ असेल, त्याच्याशी ताडायचा. महिनाभर आलेख असा उतरला की बघत राहावं. डल्सीनं तो भिंतीवर चिकटवला. एप्रिल लागला आणि उतारावर एक उंचवटा आला. विझत चाललेला तारा दोन-तीन दिवस पुन्हा उजळल्यासारखा दिसला आणि मग परत खाली गेला. पंधरवड्यानं पुन्हा तेच.

डल्सीच्या मनात पाल चुकचुकली. तारा असं करत नाही. माणूस करतो.

माणूस म्हणजे आर्विद. युद्धानंतर जहाजातून आलेल्या लाटवियन निर्वासितांपैकी एक. पन्नाशीचा, रुंद हातांचा, बोलायला अगदी कमी. गावात त्याला कुणी आर्वी म्हणे, कुणी नुसतंच 'तो बाल्ट', म्हणजे बाल्टिककडचा. वीस वर्षं झाली तरी त्याचं काहीच कुणाला माहीत नव्हतं, आणि ज्याचं काही माहीत नाही त्याच्याबद्दल गावाला सगळंच माहीत असतं. रात्री दुर्बिणीला डोळा लावून तासभर तारा बारीक तारांच्या फुलीवर स्थिर धरून ठेवायचा, हे त्याचं काम. हात जरा ढिला पडला की प्रतिमा फाकते, दीर्घिकेचा धूर ठिपक्यात मिसळतो आणि तारा आहे त्यापेक्षा ठळक वाटतो. डल्सीला हे नीट ठाऊक होतं.

तिनं हिशेब घातला. पगार होतो एक आड एक गुरुवारी. पगाराच्या दुपारी आर्विदची हिरवी गाडी क्लबाबाहेर उभी असते, तिनं स्वतः पाहिली होती. आणि उंचवटे येतात ते त्याच दिवसांच्या आगेमागे. पंधरवड्यानं एकदा. आणखी काय पाहिजे?

तिनं प्लेटा पुन्हा भिंगाखाली घातल्या. तारे गोल होते. तिनं परत पाहिलं, तेव्हा ते जरासे लांबट वाटले. संशयानं बघणाऱ्या डोळ्याला गोल काही दिसतच नाही.

मग तिनं घुमटातली नोंदवही चाळली. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातल्या चार रात्री. सुरू केल्याची वेळ, संपवल्याची वेळ, वारा, ढग. चारही नोंदी एकाच शाईच्या, एकाच दाबाच्या, एका बैठकीत लिहिल्यासारख्या. डल्सीचा हात तळाशी पोचला होता.

त्याच दुपारी चहाच्या खोलीत आर्विद भेटला. रात्रीच्या कामाआधी तो लवकर येऊन दुर्बिणीच्या चाकांना तेल घालायचा.

"क्रुमिन्श, चोविसाव्याच्या रात्री किती वाजता सुरू केलंत?"

"वहीत आहे."

"वहीत काय आहे ते वाचलं मी. तुम्हाला आठवतं का, ते विचारते आहे."

आर्विदनं कप खाली ठेवला. "नाही आठवत. म्हणून तर लिहितात, मिसेस ट्रेगिअर," तो म्हणाला आणि बाहेर गेला.

हे उत्तर डल्सीला उर्मट वाटलं. ती तशीच उठून डॉक्टरांकडे गेली. पगाराचे गुरुवार, क्लबाबाहेरची गाडी, चार रात्रींची शाई, सगळं एकावर एक रचून सांगितलं. आवाज चढवला नाही. डॉक्टर आलेखाकडे पाहत राहिले.

"तुमची खात्री आहे?"

"मी असं उगाच बोलते का?"

ती उगाच बोलत नाही, हीच तर तिची ख्याती होती. दुसऱ्या दिवसापासून आर्विदला घुमटाचं काम बंद झालं. कुंपण रंगवायचं, गवत कापायचं, जनरेटर बघायचा. पगार तोच राहिला. कारण कुणी सांगितलं नाही आणि त्यानं विचारलंही नाही. डल्सीच्या खिडकीसमोरचंच कुंपण त्यानं आधी रंगवायला घेतलं. तो मुद्दाम करतोय असा तिला वहीम आला, आणि तिनं पडदा ओढून घेतला.

दुर्बिणीला आता स्वतः डॉक्टर बसू लागले. पहिला आठवडाभर उतार सरळ. डल्सी घरी जाऊन पोटभर जेवली. मग एका सोमवारच्या प्लेटवर तारा उजळला. मंगळवारीही उजळलेला. तिनं दोनदा मोजलं, तीनदा मोजलं. तोच उंचवटा, त्याच मापाचा.

डॉक्टरांनी आकडे वरपासून खालपर्यंत वाचले. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "डल्सी, डोळे कधी तपासून घेतले होतेत?"

तिला ते थोबाडीत बसल्यासारखं लागलं. पण तिनं वाद घातला नाही. शनिवारी बस धरून मोठ्या गावच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली आणि सर्टिफिकेट घेऊन आली. तिथंही तिनं त्याला विचारलंच, "अक्षरांचा हा तक्ता किती जुना आहे? मी पाठ केलेला असला तर?" त्यानं दुसरा तक्ता लावला. डोळे स्वच्छ होते.

परत येताना ती क्लबात एनिडकडे थांबली. दोघी काउंटरच्या कडेला सँडविच खात बसल्या.

"तो बाल्ट पगाराच्या दिवशी किती पितो गं?" डल्सीनं विचारलं.

"आर्वी?" एनिड हसली. "अगं, तो आल्याच्या सरबताशिवाय कशाला शिवत नाही. पोटात व्रण आहे त्याच्या. दोन ग्लास घेतो, टपालाच्या माणसाबरोबर बिलियर्ड खेळतो आणि पाचच्या आत घरी. का? काय झालं?"

"काही नाही."

"काही नाही कसं? त्याला दुर्बिणीवरून काढलं म्हणतात. कुणीतरी चहाडी केली म्हणे." एनिडनं तिच्याकडे निरखून पाहिलं. मग ग्लास पुसायचा फडका खाली ठेवला. "डल्सी. तू?"

"मला वाटलं होतं—"

"मला विचारायचंस की! मी काय दहा कोसांवर राहते?"

डल्सीनं अर्धं सँडविच तसंच ठेवलं.

रविवारी वेधशाळा बंद असायची. तिच्याकडे किल्ली होती. आपल्या खोलीत तिनं सगळे आकडे जमिनीवर तारखेवार मांडले आणि गुडघ्यांवर बसून वाचायला लागली. पहिला उंचवटा गुरुवारी. दुसरा बुधवारी. तिसरा मंगळवारी. चौथा, डॉक्टरांच्या प्लेटांवरचा, सोमवारी. पंधरवडा म्हणजे चौदा दिवस, आणि हे येत होतं तेरा दिवसांनी. पगार जागच्या जागी होता. उंचवटा दर खेपेला एक दिवस अलीकडे सरकत होता. हे कागदावर पहिल्यापासून होतं. ढगांमुळे मधल्या रात्री गळल्या होत्या, हे खरं. पण खरं कारण ते नव्हे. एकदा गुन्हेगार ठरल्यावर तिनं तारखा मोजायच्या सोडल्या होत्या.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट होती. फेब्रुवारी-मार्चचा तो सुरेख उतार कुणाच्या प्लेटांचा होता? आर्विदच्याच. माणूस तोच, क्लब तोच, पगार तोच. मग एप्रिलपासून बदललं काय?

मग तिनं आपलं मोजणीचं पुस्तक उघडलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तारा 'ब'च्या खाली उतरला होता. त्या दिवसापासून ती त्याला 'क'शी ताडत होती. फक्त 'क'शी.

'क' खात्रीचा मानलेला तारा. दहा वर्षांपूर्वी त्याची प्रत खुद्द डॉ. गिलख्रिस्टनी ठरवलेली. डल्सीनं जुनी नोंद काढली. दोन प्लेटा, लागोपाठच्या दोन रात्रींच्या. बस्स. जो तारा तेरा दिवसांत हळूहळू मंद होतो आणि परत उजळतो, तो दोन रात्रींत कुणाला काय सापडणार? 'क' जेव्हा मंद असेल, तेव्हा त्याच्याशी ताडलेला अतिनवतारा उजळल्यासारखा दिसेल. माप चुकत नव्हतं. वजनच खोटं होतं.

सोमवारी तिनं डॉक्टरांना सांगितलं. ते ऐकून घेत असताना त्यांचा चेहरा आखडत गेला.

"आधी क्रुमिन्शचा हात. मग माझा हात. आता माझा तारा," ते म्हणाले. "तुमचे डोळे सोडून सगळ्यांचीच चूक, असं का?"

"डोळ्यांचं सर्टिफिकेट तुमच्या टेबलावर आहे, डॉक्टर."

"डोळे चांगले असून मन एका बाजूला झुकलं तर? जे शोधायचं ते दिसतंच."

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं होतं. डल्सीला ते खरं वाटलं. तिनं मान डोलावली. "म्हणून तर मला कळू देऊ नका. जुन्या प्लेटा काढा. तारखांवर कागद चिकटवा, पिसून द्या. मी फक्त 'क'ला 'अ' आणि 'ब'शी ताडते. कुठली प्लेट कधीची, ते तुम्हीच नंतर लावा."

डॉक्टरांनी दहा वर्षांच्या चोवीस प्लेटा काढल्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यावर स्वतः कागद चिकटवला आणि तिच्या समोर खुर्ची टाकून बसले, म्हणजे तिनं कागद उचलून बघू नये. डल्सीला त्याचा राग आला नाही. तिनंही तेच केलं असतं. दोन दिवस ती मोजत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरांनी कागद काढले, तारखा तेरा-तेरा दिवसांच्या हिशेबानं लावल्या आणि एकेक आकडा आलेखावर टिंबानं घातला. अठराव्या टिंबानंतर त्यांचा हात थांबला. टिंबांची एक लाट तयार झाली होती, कुणी हातानं काढावी तशी.

"माझी चूक," ते म्हणाले. मग, पलीकडे बघत, "या ताऱ्यावरून किती कार्डं केली आहेत आपण?"

"एकसष्ट."

"सगळी पुन्हा?"

"सगळी."

डल्सी तिथंच थांबली असती तर बरं, असं तिलाही वाटलं. पण अजून एक काम राहिलं होतं. त्या संध्याकाळी ऊन असतानाच ती आर्विदच्या घरी गेली. केक न्यावा असं एनिड म्हणाली होती. पण केक लाचेसारखा दिसेल म्हणून डल्सी रिकाम्या हातानं गेली.

तो अंगणात लाकडं फोडत होता. तिला बघून त्यानं कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली.

"तुमचं काही चुकलं नव्हतं," डल्सी म्हणाली. "तारा बदलता निघाला. मी डॉक्टरांना सांगितलंय. आधी जे सांगितलं तेही मीच सांगितलं होतं, वहीत चार रात्रींची शाई एकच दिसली म्हणून."

"ठाऊक आहे."

"मी चुकले. मला माफ करा."

आर्विद घरात गेला आणि एक फळी घेऊन आला. वीतभर रुंद, पांढरी रंगवलेली. तिच्यावर पेन्सिलीनं लिहिलेले आकडे, एकावर एक, पुसून पुन्हा लिहिलेले. "ही माझी आहे. घुमटात परत जाणार नव्हतो, म्हणून घरी आणली. वर घुमट उघडा असतो. बोटं गारठतात, पेनातली शाई उतरत नाही. रात्री यावर लिहितो. चार-पाच रात्रींचं एकदम वहीत उतरवतो, शेकोटीजवळ बसून. वीस वर्षं."

डल्सी फळीकडे बघत राहिली. वाऱ्याच्या रकान्यात एके ठिकाणी लिहिलं होतं : 'हात थरथरतो, दोन मिनिटं थांबलो.' एवढा प्रामाणिक हिशेब तिनं स्वतःच्या पुस्तकातही लिहिला नव्हता.

"तुम्ही विचारलं होतं, किती वाजता सुरू केलं," तो म्हणाला. "मला वाटलं, चौकशी चालू आहे. चौकशी करणाऱ्याला मी उत्तर देत नाही. जुनी सवय आहे. तुम्ही म्हटलं असतं, क्रुमिन्श, चार रात्रींची शाई एक कशी, तर मी ही फळी आणून दाखवली असती."

"मग परत याल का दुर्बिणीवर? डॉक्टर स्वतः विचारणार आहेत."

"येईन. पण रोज सकाळी सातला तुम्ही वर यायचं. मी फळी वाचणार, वहीत तुम्ही लिहायचं. तुमच्या हातानं, तुमच्या शाईनं. मग मला कुणी काही विचारणार नाही."

"रोज?"

"रोज."

हा सूड होता की व्यवस्था, हे डल्सीला तेव्हा कळलं नाही आणि पुढंही नक्की कळलं नाही. ती तयार झाली. पुढची नऊ वर्षं रोज सकाळी ती सातला घुमटाच्या पायऱ्या चढायची. आर्विद फळी वाचायचा, ती लिहायची. अधूनमधून ती म्हणायची, "हा तीन आहे की आठ?" आणि तो फळी तिच्याकडे फिरवायचा. मैत्री झाली असं म्हणता येणार नाही. शेवटपर्यंत ती त्याला क्रुमिन्श आणि तो तिला मिसेस ट्रेगिअर म्हणत राहिला. पण एकदा तिला ताप आला तेव्हा तो फळी घेऊन तिच्या घरी आला, दारातच उभा राहून सगळे आकडे वाचून दाखवले, आणि ती लिहून झाल्यावरच गेला.

एकसष्ट कार्डं पुन्हा करायला दीड वर्ष लागलं. अतिनवताऱ्याचा आलेख 'अ' आणि 'ब'वरून नव्यानं बांधला आणि सरळ उतरला. डॉक्टरांनी त्याच्यावर निबंध लिहिला. शेवटी प्लेटांची यादी होती, प्रत्येक प्लेटपुढं ती घेणाऱ्याची आद्याक्षरं. कच्च्या प्रतीत डॉक्टरांनी एप्रिलमधल्या आर्विदच्या प्लेटा गाळल्या होत्या. त्यांच्यावर एकदा शंका घेतली गेली आहे, असं त्यांचं म्हणणं. डल्सीनं कागद त्यांच्यासमोर ठेवला.

"शंका मी घेतली होती, ती मी मागं घेतली. प्लेटा चांगल्या आहेत. त्या नसतील तर माझेही आकडे छापू नका."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि प्लेटा परत घातल्या.

निबंध छापून आला तेव्हा पावसाळी हवा होती. डल्सी अंक घेऊन सकाळी वर गेली. "तुमच्या चाळीस प्लेटा आहेत यात," ती आर्विदला म्हणाली.

त्यानं चष्मा लावला, खिडकीपाशी गेला आणि यादीवरून बोट फिरवत एकेक ओळ मोजायला लागला. तिच्या शब्दावर विसंबला नाही. डल्सी पेन उघडून, वही समोर घेऊन त्याचं मोजून होईपर्यंत थांबली.